लाभाचं मापटं

सरजाबाईच्या मापट्याला घरं दोन होती. मालकी तिची, पण मुक्काम बहुतेक वेळा पाठीमागच्या घरात, बायनाबाईकडे. दोघींच्या परसांत बोराटीचं एकच कुंपण होतं आणि त्या कुंपणाला मापटं जाईल-येईल एवढं भगदाड बायनाबाईनं लग्न होऊन वाडीत आली त्याच वर्षी पाडून घेतलं होतं. आता दोघींना नातवंडं झाली, कुंपण तीनदा नवं झालं, पण ते भगदाड बुजवायची हिंमत कुणी केली नाही.

धान्य मोजायचं ते मापटं पितळेचं. तळाशी एक पोचा पडलेला, कड झिजून पातळ झालेली. सरजाबाईनं ते माहेराहून, चुडाव्याहून आणलेलं. सासरी निघताना तिच्या मायनं त्यात मक्याचं बी भरून दिलं होतं. दाणा बारका, पांढुरका, लेकराच्या दुधाच्या दातासारखा. आगगाडीत परभणीपर्यंत आणि पुढं एसटीत जिंतूरपर्यंत नवी नवरी ते मांडीवर धरून बसली, तेव्हा नवऱ्यानं, सूर्यभाननं, विचारलं होतं, "सोनं हाय का त्यात?" तेव्हा ती लाजली होती. पुढं कधी विचारलं असतं तर "व्हय" म्हणाली असती. पण सूर्यभान आता नव्हता आणि बी मात्र होतं.

बायनाबाईची एक रीत होती. नेलेलं भांडं ती कधी रिकामं परत द्यायची नाही. रिकामं भांडं द्यायचं म्हणजे त्या घराची बरकत ओढून न्यायची. म्हणून मापट्यात कधी ज्वारी यायची, कधी तूर, कधी ओल्या शेंगा, आणि घरात काहीच नसलं तर म्हशीच्या खुराकातलं काही. सरजाबाईचीही एक रीत होती. मापटं ओतलं तरी ती ते पुरतं रिकामं करायची नाही. तळाला चार दाणे ठेवायचे, तेही बरकतीचेच. एकीनं भरून द्यायचं, दुसरीनं पुरतं ओतायचं नाही, अशी ही दोन्हीकडून बांधलेली बरकत होती.

सरजाबाईचा मुलगा धम्मपाल जिंतूरला शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याला हे खपायचं नाही. "माय, बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर हाय आपलं. आन् तू मापट्यात दाणे काय ठेवायलीस?"

"मापटं रिकामं ठेवीन अशी त्यात कोणती प्रतिज्ञा हाय, सांग बरं," सरजाबाई म्हणायची. धम्मपाल मनातल्या मनात बावीसच्या बावीस म्हणून बघायचा आणि शाळेला निघून जायचा.

मक्याचं खरं मनावर घेतलं ते सुनेनं. सुकेशनी चारठाण्याच्या पलीकडच्या या वाडीत सून म्हणून आली आणि वर्षभरात बचत गटाची अध्यक्ष झाली. सासूचा मका तिनं लाह्या करून बघितला, दळून बघितला, आणि मोबाइलवर शोधत शोधत पुण्याची एक कंपनी गाठली. लहान लेकरांसाठी पिठं करणारी कंपनी. त्यांना असा मका हवा होता की ज्याच्या बियाण्यात कुणी काही घुसडलेलं नाही. पाकिटावर तसं छापायचं तर प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्राला तपासणी लागते.

"घुसडलेलं म्हंजे?" सरजाबाईनं विचारलं होतं.

"जीएम, आत्याबाई. बियाण्याच्या आत दुसऱ्याच जिवाचा गुण घालतेत. कापसात घातलाय बगा, बोंडअळी मरावी म्हणून. तसं मक्यात घातलेलं त्यांना चालत न्हाई."

"मायचं बी हाय ते. त्यात कोण घुसंल?"

गटातल्या बायकांनी आपापल्या रानात एकेक पट्टा या मक्याला दिला. बी मात्र सगळं एकट्या सरजाबाईच्या आढ्याला, चुलीच्या धुरात टांगलेलं. पेरणीच्या वेळी बायका यायच्या, ती मोजून द्यायची. आणि कंपनीनं नियम सांगितले तेव्हापासून सरजाबाई असं काही सोवळं पाळायला लागली की जुन्या काळातल्या भटजींनीही कानाला हात लावावा. मक्याच्या खोलीत नवे पत्र्याचे डबे, नवं सूप, नवी चाळणी. जुनं पोतं आत नाही, कापसाची वेचणी करून आलेली बाई हातपाय धुतल्याशिवाय आत नाही. बियाण्याच्या दुकानाचा बन्सीधर एकदा कापसाच्या वजनकाट्यावरून सरळ खळ्यावर आला, टोपीला कापूस चिकटलेला, तर तिनं त्याला झाडणी दाखवून बाहेर काढलं. तेव्हापासून तो या मक्याला सोवळ्यातला मका म्हणायचा, आणि वाडीही म्हणायला लागली.

मका निघाला, वाळला, डब्यांत भरला. कंपनीनं सांगितलं, आधी थोडा नमुना पाठवा. सुकेशनीनं त्यासाठी नवीन स्टीलचा पेला आणला, गरम पाण्यानं धुतला. पण पहिलं माप पेल्यानं? सरजाबाईला ते काही पटलं नाही. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. आणि लाभाचं माप घरच्या मापट्यानंच घालायचं असतं. तिनं कोनाड्यातलं मापटं घेतलं, पदरानं बाहेरून पुसलं, डब्यात बुडवलं, "लाभ" म्हणून पिशवीत ओतलं, आणि मग पेला सुनेच्या हातात दिला. सुकेशनीनं ते बघितलं. पण शुभ कामात सासूला अडवायचं कुणी? पिशवी बंद झाली, जिंतूरहून कुरियरनं गेली.

निकाल आला तेव्हा सुकेशनी भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं फोन कानाला लावला. कंपनीच्या अर्पिता मॅडम बोलत होत्या, तपासणीचं सगळं त्याच बघायच्या.

"ताई, तुमच्या नमुन्यात जीएमची खूण सापडली आहे. फार थोडी आहे, पण आहे. मी स्वतः येते, दुसरा नमुना माझ्या हातानं घेते. त्यातही निघालं तर मात्र आम्हाला हा मका घेता येणार नाही. आणि हे बियाणं गट पुन्हा पेरणार नाही, असंही तुम्हाला लिहून द्यावं लागेल."

फोनचा आवाज मोठा होता. चुलीपाशी बसलेल्या सरजाबाईनं सगळं ऐकलं. मका घेणार नाही म्हणाले ते तिच्या कानाला लागलं, पण आत पोचलं ते शेवटचं. पुन्हा पेरायचं नाही. तिनं वर बघितलं. आढ्याला कणसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या, धुरानं सोनेरी काळ्या पडलेल्या. विकला गेला नाही तरी मका खाता येतो, म्हशीला घालता येतो. पण बी पेरलं नाही तर दोन-तीन वर्षांत ते उगवायचंच बंद होतं. मग मायचं म्हणून जे काही या घरात आलं होतं, त्यातलं पोचा पडलेलं एक भांडं तेवढं उरणार होतं.

त्या दिवशी तिला भाकरी गेली नाही.

बातमी वाडीत पसरायला भाकरी गार व्हावी लागली नाही. बन्सीधर मुद्दाम दारावरून गेला. "सरजाबाई, सोवळ्यातला मका बाटला म्हणं! जाऊ द्या, माज्याकडून बी न्या, पक्की पावती देतो." गटातली एक म्हणाली, शेजारच्या रानात कपाशी होती, तिचा वारा लागला. दुसरीनं मोबाइलवर बघितलं होतं की अमेरिकेचा मका बोटीनं यायलाय, तोच कुठूनतरी इकडं आला असेल. जिंतूर तालुक्यात बोट कशी येईल ते काही तिनं सांगितलं नाही. साप साप म्हणून भुई धोपटायला सगळी वाडी लागली होती, आणि साप कुठं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सरजाबाईला भलतीच शंका आली. सूर्यभान दवाखान्यात होता त्या साली मका धम्मपालनं पेरला होता. तिनं लेकाला विचारलं, "त्या टायमाला बी कमी पडलं म्हणून बन्सीधरकडून काही आणलं न्हवतंस ना?"

"न्हाई, माय. तुझी आण."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. पण तिला नीट झोप लागेना.

बायनाबाई येऊन बसली आणि सरजाबाईपेक्षा जास्त रडली. ती गटात नव्हती, तिचं मक्याशी देणंघेणं नव्हतं, पण सरजाचं दुःख ते आपलं, असा तिचा सरळ हिशेब होता. डोळे पुसून उठली, जाताना कोनाड्यातलं मापटं उचललं. "म्हैस व्यायलीय माजी. खुराक मोजून घालाय लागतोय," म्हणाली आणि भगदाडातून गेली.

अर्पिता मॅडम आल्या त्या धम्मपालच्या मोटारसायकलवर मागं बसून, धुळीनं भुरक्या होऊन. सरजाबाईनं कुणी करडी साहेबीण येईल असं धरलं होतं. उतरली ती सुकेशनीच्याच वयाची एक पोरगी, आल्या आल्या चार शिंका दिल्या आणि म्हणाली, "मावशी, आधी पाणी देता का?" सरजाबाईला थोडं बरं वाटलं. ज्याला तहान लागते त्याच्याशी बोलता येतं.

चहा घेता घेता अर्पितानं विचारलं, "बियाणं कुठून आणलं होतं, मावशी?"

"मायकडून."

"आणि त्यांनी?"

"तिच्या मायकडून. त्याच्या मागचं मला ठाव न्हाई. पावती न्हाई माज्याकडं."

अर्पिता हसली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "मग मला एक कोडंच पडलंय. आपल्याकडे जीएम मका पेरायला परवानगीच नाही. तुमच्या वाडीत तो येणार कुठून? आमची पहिली तपासणी असते ना, तिला फक्त खूण दिसते. ती खूण मक्यातली की आणखी कशातली, हे तिला कळत नाही. मक्यात चिमूटभर दुसरं काही पडलं असेल तरी ती बोंब मारते."

"दुसरं म्हंजे काय पडंल?" सुकेशनीनं विचारलं.

"इकडे तसं एकच पीक आहे. कापूस."

सरजाबाई ताठ झाली. "अवो मॅडम, कापसाला ह्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊ दिलं न्हाई म्या. त्या बन्सीधरला विचारा, अजून माज्यावर फुगून बसलाय."

"शेजारच्या रानातनं वाऱ्यानं?" सुकेशनी म्हणाली.

"कापसाचं आणि मक्याचं लग्न लागत नाही, ताई. वारा कितीही मध्यस्थी करू दे."

धम्मपालनं मान डोलावली. हे मीच सांगणार होतो, असा त्याचा चेहरा.

अर्पितानं हातमोजे घातले आणि खोली बघायला घेतली. डबे, झाकणं, सूप, चाळणी, कोपरे. बॅटरी लावून पत्र्याच्या फटी बघितल्या. दाराची चौकट बोटानं पुसून बोट उजेडात धरलं. काही नाही. "माझ्या घरात एवढी स्वच्छता नसते," ती म्हणाली, आणि त्या शाबासकीनं सरजाबाईला आणखीच घोर लागला. खोली स्वच्छ, सूप स्वच्छ, चाळणी स्वच्छ. मग दोष राहिला तो एका बियाण्यातच.

"बरं," अर्पिता म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी नमुना कसा भरलात, तसाच मला भरून दाखवा. जसंच्या तसं."

सुकेशनीनं स्टीलचा पेला आणला.

"तसं न्हाई," सरजाबाई म्हणाली. "आधी लाभाचं माप. ते मापट्यानं असतंय."

लाभाचं म्हणजे काय ते धम्मपालनं थोडं अवघडून समजावून सांगितलं. अर्पितानं विचारलं, "मग मापटं कुठं आहे?"

"बायनाकडं," सासू-सून दोघी एकदमच म्हणाल्या. सुकेशनी कुंपणाशी गेली आणि तिनं हाक दिली.

बायनाबाई भगदाडातून आली. पुण्याची बाई आलीय म्हणून तिनं चांगलं लुगडं नेसलं होतं. दोन्ही हातांत मापटं, आणि मापट्यात शीग लावून पेंड. "माफ करा बाई, लगेच द्यायचं राहिलं," ती पाहुणीला म्हणाली. "आन् सरजे, घरात दुसरं काही न्हवतं गं. म्हशीपुरती पेंडच हाय. पण रिकामं कसं आणू?"

सरजाबाईनं मापटं घेतलं. तिचं लक्ष मक्याकडे, पाहुणीकडे, पुन्हा पेरायचं नाही या तीन शब्दांकडे. हात मात्र इतक्या वर्षांचे शिकलेले. ते आपोआप गोठ्याकडे गेले, म्हशीच्या टोपल्यात पेंड ओतली, मापट्याच्या बुडावर दोन थापा मारल्या, पदरानं बाहेरून कड पुसली. ती परत खोलीत आली, डब्यापाशी वाकली, आणि लाभ म्हणायला तोंड उघडलं.

तोंड उघडंच राहिलं.

मापट्याच्या तळाशी, पोच्याच्या कडेला, तपकिरी चिमूट बसली होती. बरकतीची. तिनंच ठेवलेली.

बाहेर म्हैस मजेत पेंड खात होती.

"बायने," सरजाबाईनं हळूच विचारलं, "पेंड कशाची गं ही?"

"सरकीची. दुसरी कशाची राहती?"

"आन् सरकी कशाची?"

"कापसाची की! कामून इचारायलीस असं येड्यावानी?" बायनाबाई म्हणाली, आणि मग तिलाच ते लागलं. तिनं तोंडावर हात ठेवला. "अगं माय माय माय!"

"त्या दिवशीबी..." सुकेशनी म्हणाली. "आत्याबाई, नमुना भरला त्याच्या आदल्या दिवशी बायनामावशीनं पेंडच घालून दिल्ती. मीच घेतलं व्हतं मापटं त्यांच्या हातनं, आन् तुमच्यापाशी दिलं."

अर्पिता उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली. हातमोजे घातलेल्या हातांनी डोळे पुसता येईनात, तशी आणखीच हसली. धम्मपालला हसावं की आईला बरकतीवरून पुन्हा सुनवावं ते ठरेना. शेवटी तोही हसला. सगळ्या वाडीच्या टोप्या झाडल्या, आणि कापूस घरच्या मापट्यात बसून लाभाच्या मानानं पिशवीत गेला होता. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"मी आत्ताच नक्की सांगत नाही," अर्पितानं उठून सांगितलं. "पण ही चिमूट मी वेगळी नेते. आणि मका माझ्या चमच्यानं घेते, प्रत्येक डब्यातला. लाभसुद्धा माझ्याच चमच्यानं, चालेल ना मावशी?"

"चालंल," सरजाबाई म्हणाली. "पण तोंडानं लाभ म्हणा."

अर्पितानं पहिला चमचा भरला आणि मोठ्यानं "लाभ" म्हटलं.

या सगळ्या हशात बायनाबाई नव्हती. कुणाचं लक्ष नसताना तिनं मापटं उचललं होतं आणि गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मापटं भगदाडात ठेवलेलं सापडलं. चिंच आणि राख लावून असं घासलेलं की लग्नातही इतकं चमकलं नसेल. पोच्याची कडसुद्धा काडीनं कोरून साफ केलेली. आणि आत काही नव्हतं. सरजाबाईनं हात घालून बघितलं. रिकामं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिनं हाक मारली. पलीकडून दार लागल्याचा आवाज आला.

निकालाची वाट बघण्याचे दिवस आले. सरजाबाईला बायनाकडे जावंसं वाटायचं, पण पाय उचलायचा नाही. जाऊन म्हणायचं काय? चूक तुझी नाही म्हणावं तर मग चूक बियाण्याची ठरते. दुसऱ्या तपासणीत मका स्वच्छ निघाला तर दोष पेंडीचा, म्हणजे निम्मा बायनाचा आणि निम्मा तिचा स्वतःचा. खूण पुन्हा निघाली तर त्या दोघी सुटल्या, पण बी गेलं. चूक आपलीच निघावी अशी मनापासून इच्छा तिनं आयुष्यात पहिल्यांदाच धरली. रोज सकाळी आढ्याकडे बघून ती स्वतःशीच म्हणायची, माझंच चुकलेलं असू दे.

फोन आला तेव्हा ती गोठ्यात होती. सुकेशनी पळतच आली आणि फोन तिच्या कानाला लावला, कारण सरजाबाईचे दोन्ही हात शेणानं भरलेले.

"मावशी, मका एकदम स्वच्छ आहे," अर्पिता सांगत होती. "एकाही डब्यात काही निघालं नाही. आणि ती तुमची चिमूट वेगळी तपासली, तिच्यातली खूण कापसाचीच निघाली. तुम्हाला प्रमाणपत्र मिळतंय."

"आन् बी?"

"बियाण्यात काहीच नाही. खुशाल पेरा."

"परत सांगा."

"खुशाल पेरा, मावशी."

सरजाबाई होती तिथंच बसली. तिथं म्हणजे शेणाच्या पाटीच्या कडेवर, पण ते तिच्या ध्यानातही आलं नाही. छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसा तिचा श्वास मोकळा झाला, आणि त्या श्वासाबरोबर रडू आलं. मायच्या वेळचं, सूर्यभानच्या वेळचं, आणि नुसतं सुटल्याचं. सुकेशनीही रडली. म्हशीनं मान वळवून दोघींकडे बघितलं आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं.

"चुकलं ते आपलंच चुकलं, सुकेशनी," सरजाबाई डोळे पुसत म्हणाली, आणि गालाला शेण लावून घेतलं. "किती बरं झालं."

संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. गटातल्या बायका येऊन लाह्या फोडून गेल्या. बन्सीधरसुद्धा आला, टोपी दाराबाहेर दोनदा झाडली आणि मग आत येऊन चहा पिऊन गेला. धम्मपालनं आल्या आल्या आईला मिठी मारली आणि मग मास्तरकी आठवून म्हणाला, "माय, आता तरी ते बरकतीचं सोडायचं बरं का."

"कंपनीच्या मक्याला पेला," सरजाबाई म्हणाली. "लाभसुद्धा पेल्यानं. ते कबूल. पण घरच्या मापट्यात तू तोंड घालू नको."

सगळे आले. पण बायनाबाई आली नाही.

दिवेलागणीच्या आधी सरजाबाईनं आढ्याची एक जुडी खाली काढली. चांगली भरलेली कणसं निवडली, अंगठ्यानं दाणे सोलले आणि मापट्यात भरले. शीग लागेपर्यंत. मग पदर डोक्यावर घेऊन ती निघाली. भगदाडातून नाही. रस्त्यानं, वळसा घालून, बायनाबाईच्या पुढच्या दारानं, रीतसर.

बायनाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिला बघून उठायला गेली, सूप हातातून निसटलं.

"कळलं मला," ती खाली बघत म्हणाली. "लय बरं झालं. पण सरजे, म्या तुज्या मायचं बी बुडवलं असतं गं. त्या दिवसापासून मला तुज्या दारात यायला तोंड न्हाई."

"म्हणून रिकामं मापटं दिलंस व्हय मला?"

"भरायचं भ्या वाटलं."

"तू भरलं, म्या पुरतं ओतलं न्हाई. दोघींचं मिळून झालं ते." सरजाबाई तिच्यासमोर बसली आणि मापटं मधे ठेवलं. "निकाल वाईट आला असता ना, तर पेरायला एक जुडी शिल्लक राहिली नसती. गटाच्या सगळ्या बाया माज्याच आढ्याच्या भरवशावर. बी मागायला जावं असं दुसरं घरच ठेवलं न्हवतं म्या. हे तू ठेव. तुज्या चुलीवर टांग, तुज्या रानात लाव. माजं गेलं तर मी तुज्याकडं येईन."

बायनाबाईनं दाण्यांत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"मला?" ती म्हणाली. "पेंडीवालीला?"

"तुलाच. कुठं काय मिसळू नये हे वाडीत आता तुज्याएवढं कोण ध्यानात ठेवंल?"

बायनाबाई हसली, तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी खाली आलं. ती उठली, फडताळातून नवं टोपलं काढलं, ते पदरानं पुसलं, फुंकलं, पुन्हा पुसलं, उजेडात धरून बघितलं. मग "लाभ" म्हणत तिनं बी टोपल्यात ओतलं. मापट्याच्या बुडावर थाप मारायला तिनं हात उचलला, पण थाप मारली नाही. मापटं तसंच सरजाबाईच्या हातात दिलं.

सरजाबाई येताना भगदाडातून आली. गोठ्यापाशी थांबून तिनं मापट्यात बघितलं. पोच्याच्या कडेला चार दाणे राहिले होते. बारके, पांढुरके, तिच्या मायचे, आणि आता बायनानं परत दिलेले.

"बायने," तिनं कुंपणावरून हाक मारली, "पेंडीला उद्यापास्नं दुसरं भांडं घे गं!"

"घेतलं की कवाच!" पलीकडून आवाज आला.

सरजाबाई घरात गेली आणि मापटं, दाण्यांसकट, कोनाड्यात ठेवून दिलं.